मुक्कामी गाडीतलं वाचन

आमची मुक्कामी गाडी रात्री साडेआठला गावात पोचते आणि सकाळी सहाला तिथूनच परत फिरते. जेवण झालं, वेबिलाचा, म्हणजे तिकिटांच्या नोंदीच्या कागदाचा, हिशेब जुळला, कॅश मोजून पिशवीत बांधली, की झोपेपर्यंत दीड-दोन तास हातात राहतात. सातारा जिल्ह्यातल्या माण आणि खटाव तालुक्यांत, अशा गावांत मी एकोणीस वर्षं कंडक्टर म्हणून मुक्काम करतोय. शिक्षण बारावी. डेपोतली नवी पोरं विचारतात, "काका, कादंबरी वाचून होते, पण वैचारिक पुस्तक धरलं की दहाव्या पानावर डोळे मिटतात. तुम्ही कसं वाचता?" त्यांना तोंडी सांगत आलो तेच जरा सविस्तर लिहितो.

माझी सुरुवात स्टँडसमोरच्या गाड्यावरच्या पुस्तकांनी झाली. यश कसं मिळवावं, पैसा कसा राखावा, राग कसा आवरावा. अशी नऊ-दहा पुस्तकं मी वाचली आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. रोजचा खर्च लिहून ठेवायची सवय मला त्यांनीच लावली. पण माझा खरा त्रास होता सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं. पुस्तकात लिहिलेलं, राग आला की मनात दहापर्यंत आकडे मोजा. गाडी खच्चून भरलेली, पुढचा थांबा दोन मिनिटांवर, आणि दहा मोजून झाल्यावरही समोरची बाई पंधरा रुपयांच्या तिकिटाला पाचशेचीच नोट धरून उभी.

एकदा मुक्कामाच्या गावातच ती बाई पारापाशी भेटली, तेव्हा मी नीट विचारलं. ती म्हणाली, "दादा, हजेरी आठवड्यानं मिळती. मुकादम दोघींत मिळून नोटा देतो. सुट्टं मागाय दुकानात गेलं की दुकानदार मागली उधारी त्यातनंच कापून घेतो. मग एसटीतच मोडते." एवढं कळल्यावर सुट्ट्यांवरून माझा चढणारा आवाज पुष्कळ खाली आला. आकडे मोजून जे जमलं नव्हतं, ते तिच्या आठवड्याचा हिशेब कळल्यानं जमलं. तेव्हापासून मी वाचनालयात गेलो की समाज, इतिहास आणि आत्मचरित्रं अशी पाटी असलेल्या कपाटापुढे उभा राहायला लागलो.

तर पहिली गोष्ट अशी, की पुस्तक घेण्याआधी स्वतःचा प्रश्न पक्का करा. "मला समाज समजून घ्यायचाय" हा काही प्रश्न झाला नाही, तो फार मोठा आहे आणि त्याला कुठलंही पुस्तक पुरत नाही. प्रश्न तुमच्या कामातला, घरातला, गल्लीतला असावा. माझं उदाहरण देतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास झाला होता. माझ्या गाडीत एकदम बायका दिसायला लागल्या. म्हाताऱ्या, सुना, लेकरं कडेवर घेतलेल्या. काही पुरुष प्रवासी कुरकुर करायचे, की या आता उगाच हिंडतात. मी तिकीट फाडता फाडता विचारत गेलो, तेव्हा कुणी माहेरी निघालेली, कुणी दवाखान्यात, कुणी भाजी घेऊन बाजाराला, कुणी शिखर शिंगणापूरला देवाला. उगाच हिंडणारी मला तरी सापडली नाही. मग वहीत मी प्रश्न लिहिला: या सगळ्या बायका आजवर कुठं होत्या?

या एका प्रश्नावर माझं वर्षभर वाचन चाललं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चं आहे, अगदी लहान पुस्तक. त्यातला संताप आजही हाताला चटका देतो. मग लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. आणि त्यानंतर जे पुस्तक माझ्याजवळ कायमचं राहिलं ते बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. बेबीताई आमच्याच जिल्ह्यातल्या फलटणच्या. त्यांचं लहानसं दुकान होतं. माल बांधायला येणाऱ्या रद्दीतली छापील पानं वाचत त्यांनी वाचन राखलं, आणि स्वतःचं लिखाण वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. ते 'स्त्री' मासिकात आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. आपल्या आईला वडील घराबाहेर पडू देत नसत, आणि त्यातच प्रतिष्ठा मानली जाई, असं त्यात आहे. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून आईला फोन लावला. विचारलं, "आई, तू एकटी एसटीत पहिल्यांदा कधी बसलीस?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाचा पाय मोडला तेव्हा. साताऱ्याला. एक्केचाळीस वर्षांची होते. तिकीट मुठीत धरून बसले होते, उतरताना बघितलं तर घामानं पार भिजलेलं." मी एकोणीस वर्षं तिकिटं देतोय, आणि हे मला माझ्या आईनं कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

प्रश्न हाताशी असला की झोप येत नाही, कारण तुम्ही पान उलटताना काहीतरी शोधत असता. आणि पुस्तक सगळं वाचायची गरजही राहत नाही. अनुक्रमणिका बघा, तुमच्या प्रश्नाजवळचं प्रकरण आधी काढा. ते पटलं तर मग पहिल्या पानापासून या. कादंबरीला हे चालत नाही, वैचारिक पुस्तकाला खुशाल चालतं.

दुसरी गोष्ट, वाचण्याआधी लेखक कुठं उभा राहून बघतोय ते शोधा. गाडीत ड्रायव्हरला रस्ता पुढनं दिसतो, मला मागच्या दारातनं. फाट्यावर कोण पळत आलं आणि कुणाची गाडी चुकली हे त्याला आरशात दिसतं तेवढंच, मला त्याचं तोंड दिसतं. रस्ता एकच. म्हणून पुस्तक हातात घेतलं की पहिल्या आवृत्तीचं साल बघायचं, लेखक काय काम करत होता ते बघायचं, प्रस्तावना चाळायची. ही दहा मिनिटं वाचवू नका.

आणि जमेल तिथं एकाच विषयावरची दोन पुस्तकं घ्या: एक वरून बघणाऱ्याचं, एक त्याखाली जगलेल्याचं. मी आधी त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' वाचलं. ते १९१५ चं. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी, गावोगाव फिरलेले. वतनं, बलुतं, कुणब्याच्या खळ्यावरून कोण कोण किती धान्य उचलून नेतं, याचा इतका बारीक तपशील दुसरीकडे मिळणं कठीण. ज्या गावांत मी मुक्काम करतो त्यांची हाडं मला त्या पुस्तकानं दाखवली. पार तिथंच का, चावडी तिथंच का, अमुक आळी गावाच्या त्याच टोकाला का, हे दिसायला लागलं. पण फिरस्त्या जमातींबद्दल आत्रे लिहितात तेव्हा ते शेतकऱ्यावर पडणाऱ्या भाराच्या बाजूनं लिहितात. ही माणसं गावाला पिळून खातात, असाच त्यांचा एकूण सूर आहे. मला तेव्हा ते पटलंही होतं.

पुढं सहा महिन्यांनी लक्ष्मण माने यांचं 'उपरा' हाती आलं. १९८० चं पुस्तक. कैकाडी कुटुंब, गाढवांवर लादलेला संसार, दुरड्या-कणग्या विणत या गावातनं त्या गावात. मानेही फलटणकडचेच. जी माणसं आत्र्यांच्या पुस्तकात गावात शिरताना दिसतात, त्यांच्याच पालातनं, म्हणजे कापडी तंबूतनं, इथं गाव दिसतं, आणि पालातनं बघितलं की गाव भीतीदायक वाटतं.

इथं मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. बरीच वर्षं झाली. एका फाट्यावर एक कुटुंब उभं होतं, सोबत गठुडी, पातेली, दुरड्यांची चळत, दोन लहान पोरं. संध्याकाळची वेळ, गाडीत जागा होती. सामान चढवायला वेळ जाईल म्हणून मी डबल बेल मारली. ड्रायव्हरनं गाडी काढली. मागच्या काचेतनं ती बाई हात वर करून काही म्हणताना दिसली. 'उपरा' वाचताना ती बाई पानापानावर आठवत होती. त्या रात्री त्यांनी पाल कुठं टाकलं असेल, हा प्रश्न माझ्या मनात बारा-तेरा वर्षांत एकदाही आला नव्हता.

नुसतं वाईट वाटून घेऊन थांबू नका, हे मी पोरांना मुद्दाम सांगतो. वाईट वाटलं की त्या बाजूचं आणखी एक पुस्तक वाचा आणि एका माणसाशी बोला. मी लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' वाचलं. त्यातनं मला कळलं की जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला, आणि त्यातनं सुटका झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षांनी. मग एका फाट्यावर दुरड्या विकणाऱ्या म्हाताऱ्या बाबांशी बोललो. पाल टाकायला पूर्वी पाटलाला विचारावं लागे, असं वाचलंय म्हणालो. ते म्हणाले, "आता आधार कार्ड दावावं लागतं. कार्डावर गाव कुठलं लिहायचं म्हणून पोराचं दोन वर्षं अडलं होतं." हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. आता अशी मंडळी फाट्यावर दिसली की मी खाली उतरून सामानाला हात लावतो. दोन मिनिटं जातात. पुढच्या थांब्यावर ती भरून निघतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वही. माझी शंभर पानी वही असते. डाव्या पानावर पुस्तकातलं, पान क्रमांकासकट, माझ्या शब्दांत. उतरवून घ्यायचं नाही. उतरवून घेतलं की हात लिहितो आणि डोकं स्वस्थ बसतं. पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं चार ओळींत लिहायचं. चार ओळी आल्या नाहीत तर ते प्रकरण परत वाचायचं. उजवं पान कोरं सोडायचं. त्यावर त्याच विषयाबद्दल माणसं काय म्हणाली ते येतं: आईचं भिजलेलं तिकीट, बाबांचं आधार कार्ड. उजवं पान महिनाभर कोरंच राहिलं तर समजा, ते पुस्तक अजून तुमच्या गावात पोचलेलं नाही. माझ्या अशा अकरा वह्या झाल्यात, आणि मी परत परत उघडतो ती उजवी पानं. वाचनालयाच्या पुस्तकावर मात्र पेन्सिलसुद्धा लावू नका. वेबिलाच्या जुन्या कागदाच्या पट्ट्या कापून त्या खुणेला घाला.

जुनं पुस्तक जड जातं, त्याची भीती बाळगू नका. माझी एक फेरी कटगुणवरून जायची. महात्मा फुल्यांचं मूळ गाव. गावावरून रोज जायचं आणि त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, हे बरं वाटेना, म्हणून 'शेतकऱ्याचा असूड' घेतलं. १८८३ चं पुस्तक. वाक्यं लांबच लांब, एका श्वासात संपत नाहीत. तीनदा सोडलं. मग कळलं की जोतीरावांनी हे लिहीत असताना त्यातले भाग लोकांना जागोजाग वाचून दाखवले होते, बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकलं होतं. ते कानानं घ्यायचं पुस्तक आहे. मग मी मुक्कामाच्या गावात पारावर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आधी तीन म्हातारे होते, पुढं सहा-सात माणसं जमायला लागली. लांब वाक्यं तोंडानं म्हटली की आपोआप सुटी होतात, कुठं थांबायचं ते कळतं. अडलेल्या शब्दांसाठी मी फोनवर मोल्सवर्थचा मराठी कोश उघडतो, १८५७ च्या आवृत्तीचा, फुकट आहे. विषय अनोळखी असेल तर वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, तोही आता फोनवर फुकट वाचता येतो. पुस्तकाच्या शेवटी जोतीराव सरकारला सांगतात की रिकाम्या शिपायांना कामाला लावून ताली (शेताच्या उतारावरचे बांध) आणि बंधारे घाला, म्हणजे पावसाचं पाणी शेतातनं मुरून मग ओढ्याला जाईल. 'तालीवजा बंधारे' हा शब्द मी वाचला तर एक आजोबा लगेच म्हणाले, "ताल म्हंजे आमच्या पट्टीची खालची ताल. बहात्तरच्या दुष्काळात आमी त्याच घातल्या, रोजगारावर." त्यासाठी मला कोश उघडावा लागला नाही. माणमध्ये आज जे पाणी अडवायचं काम चाललंय, समतल चर आणि बांध, ते बघत बघत मी रोज डेपोला येतो. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं पान आणि खिडकीबाहेरचा डोंगर एकाच विषयाबद्दल बोलत होते.

आकड्यांबद्दल थोडं. पुस्तकात तक्ता आला की बहुतेक जण पान उलटतात, मीही उलटायचो. तक्त्यातला एकच आकडा घ्या आणि विचारा, हा कशातला आकडा आहे? २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२२ बायका होत्या, २०११ मध्ये ९२९ झाल्या. नुसतं एवढं वाचलं तर वाटतं, सुधारलं. पण शून्य ते सहा वयाच्या पोरांचा आकडा वेगळा मांडलेला असतो. तो ९१३ वरून ८९४ वर उतरला. दोन्ही खरे आहेत. पहिल्यात आजी, आई, सगळ्या आल्या. दुसऱ्यात जनगणनेआधीच्या सहा-सात वर्षांत जन्मू दिलेल्या मुली आहेत. हे मी माझ्या मुलीला वहीत काढून दाखवलं. ती अकरावीला आहे. तिनं विचारलं, "मग पप्पा, हा दुसरा आकडा गाडीत लावायला पाहिजे ना?" जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाची ओळ असते: घरं किती, माणसं किती, शिकलेली किती. ती आधी तुमच्या गावाची काढा. ओळखीच्या गावाचा आकडा खरा वाटतोय की नाही हे तुम्हाला लगेच कळतं, आणि मग अनोळखी गावाच्या आकड्यालाही कसं हाताळायचं ते कळत जातं.

भाषांतरित पुस्तक घेताना मधलं कुठलंही एक पान मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तर ते ठेवा आणि दुसरं भाषांतर आहे का ते विचारा. नवं पुस्तक महाग वाटत असेल तर शासनाची प्रकाशनं बघा. फुले-आंबेडकरांचे खंड तिथं बऱ्याच कमी किमतीत मिळतात. आमच्या वाचनालयाला महिना वीस रुपये वर्गणी आहे, आणि ग्रंथपाल मॅडमना प्रश्न सांगितला की त्या कपाटात स्वतः शोधतात. त्यांना पुस्तकाचं नाव न सांगता प्रश्न सांगा, हा माझा अनुभवाचा सल्ला. रात्री वाचताना फोन ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवतो. बसमधला दिवा डोळ्याला कमी पडतो, म्हणून दोनशे रुपयांचा चार्जिंगचा दिवा घेतलाय. रोज पंधरा पानं. जास्त नाही, कारण सकाळी सहाची ट्रिप असते.

सध्या वहीत नवा प्रश्न आहे. आमच्या मुक्कामाच्या गावातली पंचवीस ते चाळीस वयाची निम्मी पोरं मुंबईला, नाहीतर परराज्यात सोनंचांदी गाळायच्या धंद्यात आहेत. दिवाळीला आणि जत्रेला गाडी भरून येतात, चार दिवसांनी भरून जातात. हा धंदा याच तालुक्यांत कसा आला, कुणी आणला, दुष्काळाचा त्याच्याशी संबंध काय? डावं पान भरायला पुस्तकाच्या शोधात आहे. उजव्या पानावर मात्र पहिली नोंद झालीय. परवा परतीच्या गाडीत एका गलाई कामगाराच्या आईनं सांगितलं, "पोरगा गेला तेव्हा तुमच्याच गाडीनं गेला. तुम्हीच तिकीट दिलं होतं, हाफ." म्हणजे तो बारा वर्षांच्या आतला होता. तारीख तिला आठवत नाही, पण त्या साली बैल विकले होते एवढं आठवतंय. पुढच्या मुक्कामाला मी तिच्या घरी जाणार आहे.